हिराजीमामांचं एक्स्चेंज

शनिवारी सकाळी आमच्या नवीन पनवेलच्या कॉलनीसमोरून एक मिरवणूक जायची. पुढे डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली, नऊवारी नेसलेली, साठीकडे झुकलेली एक बाई. तिच्या मागे दहाएक हातांवर एक निळी पिकअप, पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीनंही मागे टाकावं अशा चालीनं. पिकअपचा हौदा रिकामा, शेजारची सीट रिकामी. चालवणारा गृहस्थ खिडकीतून अर्धा बाहेर आलेला आणि अखंड बोलत असलेला. बाई मान न वळवता मधूनच एखादं उत्तर मागे टाकायची. त्यांच्या मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. पिकअपचा हॉर्न मात्र मी कधी ऐकला नाही.

आम्ही तिथे राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. मी सुधीरला गॅलरीत बोलावून दाखवलं. म्हटलं, एवढी गाडी रिकामी आहे, तर हा माणूस त्या बाईला बसवून का घेत नाही? माझा नवरा नीट बघून म्हणाला, भाजीचा भाव करत असेल, जमत नसेल.

गाडीवाल्याला आम्ही ओळखत होतो. परळहून आमचं सामान त्यानंच आणलं होतं. हिराजी पाटील. कॉलनीला लागून जो जुना गाव आहे, तिथले. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. पुढे चालणारी बाई ही त्यांची बायको, चांगुणामामी, हे मला नंतर कळलं. आणि नवऱ्याच्या गाडीत ती आजवर एकदाही बसलेली नाही, हे त्याच्याही नंतर.

यावर कॉलनीत मतं बरीच होती. कुणी म्हणे, मामींना गाडी लागते. कुणी म्हणे, नवस आहे. तळमजल्यावरच्या जोशीबाईंचं म्हणणं, दोघांचं पटत नाही. पण पटत नसलेला नवरा बायकोच्या मागून ताशी तीन मैलांनी डिझेल जाळत जाईल आणि वाटभर बोलत राहील, हे मला काही पटायचं नाही.

मामांची गंमत आम्ही सामान आणलं त्याच दिवशी कळली होती. त्यांना पत्त्याचा कागद दिला, तर त्यांनी तो न बघता खिशात घातला. म्हणाले, "सेक्टर-बिक्टर मला समजत नाय. जागा कंची ते सांगा." सुधीरनं पाण्याच्या टाकीच्या खुणेनं जागा सांगितली. मामांचा चेहरा खुलला. "मंग लांबोडं म्हना ना. लांबोड्यात हाय तुमची बिल्डिंग."

लांबोडं हे त्यांच्या एका शेताचं नाव. लांबट होतं म्हणून लांबोडं. नवं शहर वसवायला सरकारनं गावागावांतल्या जमिनी घेतल्या, त्यात मामांच्या जमिनी गेल्या. त्यावर रस्ते आले, बिल्डिंगी आल्या, आमच्यासारखे लोक आले. मामांच्या डोक्यातला नकाशा मात्र जुनाच राहिला. कपाट चिंचेखाली दुसऱ्या माळ्यावर द्यायचं आहे, असं ते हमालांना सांगत. नवीन हमाल बिचारे चिंच शोधत फिरायचे. ती तोडून कैक वर्षं झाली होती.

आमचं स्वयंपाकघर बघून ते ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, इथं पाणी तुंबायचं, भात लय जोमात यायचं, तर ताई, सिंकखाली लक्ष ठेवा. मी हसले. पुढच्या महिन्यात सिंक गळायला लागलं.

हे सगळं ते रागानं किंवा दुःखानं सांगत नसत. आपल्या घरी आलेल्या पाहुण्यांना न्हाणीघर कुठे आहे ते सांगावं, तशा सुरात सांगत. कुणाचंही सामान उतरवल्यानंतर आठवड्याभरात पुन्हा एकदा यायचे. कपाट हलतंय का बघायचे, हललं तर खिशातून लाकडाची पाचर काढून खाली सारायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे, "लागलं का घर?" लागलं म्हटलं की जायचे. पाचरीही ते स्वतः तासून आणत.

जमिनीचा जो मोबदला मिळाला, त्यातून मामांनी ही पिकअप घेतली होती. भावांनी आपापले पैसे लग्नांत आणि मोटरसायकलींत घातले. आपण शहाणपणा केला, याचा मामांना अभिमान होता. गाडीला ते गारी म्हणायचे. सकाळी तिला आंघोळ घालायचे, तेही तांब्यानं, बादली ओतून नाही.

पण गाडीला वय झालं. चढावर तिला धाप लागायची. आणि न्हावा शेव्याचं बंदर सुरू झाल्यापासून रस्त्यावरून असले अजस्र कंटेनर जायचे, की मामांची पिकअप त्यांच्या शेजारी पाटावर बसलेल्या लेकरासारखी दिसायची. घरं हलवायच्या कामातही मोठे टेम्पोवाले उतरले. मामांची भाडी कमी होऊ लागली. अशात द्रोणागिरीच्या एका गोदामवाल्यानं त्यांना रोजचं काम देऊ केलं. गोदाम ते बंदर, बारा महिने. अट एकच. गाडी नवी हवी. ही खटारा गाडी गेटवर उभी राहिली तर माझी अब्रू जाईल, असं तो म्हणाला. दिवाळीपर्यंत नवी गाडी लावा, नाहीतर मी दुसरा बघतो.

हायवेवर नव्या पिकअपचं शोरूम होतं. जुनी गाडी द्या, नवी घेऊन जा, अशी तिथे पाटीच लावलेली. एक्स्चेंज. हा शब्द मामांनी एकदा ऐकला आणि मग गणपती गेले, नवरात्र आलं, तरी त्यांच्या तोंडात तो एकच शब्द होता. फक्त ते त्याला एक्चेंज म्हणत.

सल्ला मागायची त्यांची एक खास पद्धत होती. तुम्ही नवी घ्या म्हटलंत, की ते जुनीची बाजू घ्यायचे. आजकाल पत्रा पातळ येतो, हिचा पत्रा बगा, वाजवून बगा. बरं, राहू दे जुनीच म्हटलंत, की लगेच नवीची बाजू. किती दिवस ओढनार, काम हातचं जाईल. न्हाव्यानं सल्ला दिला, डॉक्टरांनी दिला, देवळातल्या गुरवानं दिला. सगळ्यांशी भांडून झाल्यावर मामा माझ्याकडे आले. मी बेलापूरला एका कचेरीत हिशेबाचं काम करायची. शोरूमचे कागद इंग्रजीत असतात, तर ताई, तुमी चला.

एका रविवारी मी गेले. शोरूममध्ये टाय लावलेला एक चुणचुणीत विक्रेता होता. त्यानं बॉनेट उघडून इंजिनाची माहिती द्यायला सुरुवात केली. मामा तिथे नव्हतेच. ते गाडीला वळसा घालून क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. मग उतरले. पुन्हा चढून बसले. पाय ठेवायची पायरी त्यांनी हातानं दाबून पाहिली. काच पूर्ण खाली जाते का, ते पाहिलं. इंजिनाची धग पायाला लागते का, असं विचारलं. धरायला समोर कडी आहे, ती दोन्ही हातांनी धरून बसून पाहिलं.

विक्रेता म्हणाला, काका, गाडी चालवणार कोण?

मामा म्हणाले, मीच.

मग इकडे बसा ना.

"तिथं तर मला जल्मभर बसायचंच हाय," मामा म्हणाले, आणि त्यांनी सीटचा स्पंज दाबून पाहिला.

गाडी त्यांना आवडली होती, हे उघड होतं. मग विक्रेत्यानं व्यवहार समजावला. जुनीची किंमत आम्ही ठरवू, ती वजा होईल, उरलेलं हप्त्यानं भरा. मामा कडी धरून बसले होते. त्यांनी कडी सोडली आणि ते खाली उतरले. बगतो म्हणाले, आणि आम्ही निघालो.

वाटेत चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवली. चहाचा ग्लास हातात घेऊन ते नुसता फिरवत राहिले. मला वाटलं, हप्त्यांची काळजी असेल. मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमी हिशोबातल्या. जुनी गारी देऊन नवी घेतली, तर ती नवी कशाच्या पैशाची झाली?"

मी म्हटलं, काही पैसा जुनीच्या किमतीचा, काही तुमच्या कमाईचा.

"म्हनजे जुनीचा पैसा नवीत गेला."

गेला, मी म्हटलं.

"आनि जुनी तर जमिनीच्या पैशाची."

मी मान हलवली. मला अजून कळत नव्हतं की हे कुठे चाललंय. मी आपली कचेरीतल्यासारखी समजावून सांगत होते की पैसा एकदा मिसळला की वेगळा काढता येत नाही.

"मंग नवी पन जमिनीचीच," मामा म्हणाले आणि त्यांनी चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. जमीन गेली तेव्हा कागदावर अंगठे पुरुषांचे लागले. मामींना कुणी काही विचारलं नाही. लग्न होऊन आल्यापासून लांबोड्यात भाताची लावणी मामींच्या हातची. गाडी घरी आली त्या दिवशी मामांनी तिला झेंडूचा हार घातला होता. मामी ताट घेऊन बाहेर आल्या, त्यांनी गाडीला कुंकू लावलं, नारळ ओवाळला. मामा म्हणाले, बस, चक्कर मारून आणतो. तेव्हा मामी म्हणाल्या, ज्या जमिनीत मी जन्मभर वाकले, तिच्यावर जाऊन बसू काय? एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. पण त्या बसल्या नाहीत. पाटीसुद्धा त्यांनी कधी हौद्यात ठेवू दिली नाही.

शनिवारी मामी बाजारात भाजी विकायला जात. पहिल्या शनिवारी मामा गाडी घेऊन पुढे गेले आणि बाजारात जाऊन थांबले. तिथे उभं राहून त्यांना वाटत राहिलं, ओझं जड आहे, वाटेत ठेचकाळली तर. पुढच्या शनिवारपासून ते मागे राहू लागले.

"नवी गारी आली, ती नुसत्या कमाईची असंल, तर बसंल ती, असं माज्या डोक्यात होतं," मामा म्हणाले. "ही एक्चेंजची भानगड मी धरलीच नवती."

मी म्हटलं, मामींना सरळ विचारा की.

मामांनी रस्त्याकडे बघत सांगितलं, "विचारलं, तर नाय म्हनंल. नाय विचारलं, तवर तरी हो हाय."

दुसऱ्या दिवशी ते शोरूममध्ये जाऊन एक्स्चेंज नको म्हणून सांगून आले. एक्स्चेंजशिवाय नवी गाडी त्यांच्या आवाक्यातली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणजे द्रोणागिरीचं काम गेल्यातच जमा होतं. न्हाव्याला, डॉक्टरांना आणि गुरवाला त्यांनी एकच कारण दिलं. पत्रा पातळ हाय.

त्याच आठवड्यात मामी माझ्याकडे पडवळ घेऊन आल्या. गावाजवळ विहिरीच्या कडेला जमिनीचा एक तुकडा उरला होता, त्यात त्या भाजी लावायच्या. आल्या की माझ्या स्वयंपाकघरात बसायच्या आणि समोर असेल ते निवडायला घ्यायच्या. त्या दिवशी वाल भिजवलेले होते. आम्ही दोघी डाळिंब्या सोलत बसलो. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण मामींनीच विचारलं, काय गो बाय, म्हातारा पत्र्याचं काय सांगत फिरतोय, तू तर गेलेलीस ना बगायला? मग मला राहवलं नाही. टपरीवरचं सगळं मी सांगून टाकलं.

मामी आधी हसल्या. मग सोलता सोलता त्यांचे हात थांबले.

"राग होता, बाय," त्या म्हणाल्या. "पैली वरसं लय होता. मंग तो कवा गेला, मला पन समजलं नाय."

मग बसत का नाही, मी विचारलं.

मामी म्हणाल्या, "घरात तो बोलत नाय. जेवतो आनि भिंतीकं बगत बसतो. आमाला पोरबाळ नाय, बोलनार तरी कशावर. तुमाला वाटतो तो बोलका. घरात नाय." त्यांनी एक डाळिंबी उचलली आणि तशीच हातात धरली. "शनवारी मी पुढं चालते, तवा माजं तोंड त्याला दिसत नाय. मंग तो बोलतो. सगलं बोलतो. त्याची आय गेली तवा त्याला काय वाटलं, ते मला रस्त्यावरच समजलं. आता बाजूला जाऊन बसले आनि तो परत गप झाला, तर मी काय करू?"

मामींनी राहिलेल्या डाळिंब्या सोलून दिल्या, सालं गोळा केली आणि त्या गेल्या.

पुढच्या शनिवारी मी गॅलरीत होते. नेहमीप्रमाणे मामी पुढे, पिकअप मागे, मामा खिडकीतून बोलत होते. आमच्या बिल्डिंगसमोर मामी थांबल्या. पाटी डोक्यावर तशीच ठेवून त्या मागे वळल्या आणि गाडीच्या खिडकीपाशी गेल्या. काय बोलल्या ते मला वरून ऐकू आलं नाही. थोडंच बोलल्या. मग पुन्हा वळून बाजाराच्या दिशेनं चालू लागल्या. पिकअप मात्र जागची हलली नाही. मागे रिक्षांची रांग लागली, एक एसटी अडकली, कंडक्टर खाली उतरून आला. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते. मग त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली, आणि मामींना गाठायला त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच दुसरा गिअर लागला.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. पायरीवरच उभे राहून म्हणाले, "ताई, एक्चेंजच करू. ती म्हनाली, जमीन गेली ती गेली, गारी तरी धड घे, माजे गुडघे आता चालत नाय." मग म्हणाले, "आनि म्हनाली, बाजूला बसले तरी बोलायचं. कबूल करून घेतलं माज्याकडून."

जुनी गाडी देऊन यायच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली, कागद वाचायला. मामांच्या अंगणात गाडी धुऊनपुसून उभी होती. मामींनी नवी नऊवारी नेसली होती. त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मामा आत बसले. मी क्लीनर साइडचं दार उघडायला गेले, तर मामींनी माझ्या दंडाला हात लावला.

"बाय, तू मागं बसशील काय? आज मी बसते."

मामा उतरून धावत या बाजूला आले. पायरी उंच पडत होती. त्यांनी हात पुढे केला, लोक बघताहेत म्हणून मागे घेतला, मग परत पुढे केला. मामी त्या हाताला धरून चढल्या. मी हौद्यात गोणपाटावर जाऊन बसले, साडी सावरत. केबिनच्या मागच्या छोट्या काचेतून मला दोघांची डोकी दिसत होती.

गाडी हायवेला लागायला हवी होती, ती कॉलनीत शिरली. मामी खिडकीतून हात बाहेर काढून रस्ता दाखवत होत्या. पाण्याच्या टाकीला वळसा घातला. शाळेच्या मागून गेलो. एका नव्या बिल्डिंगच्या कुंपणाशी गाडी थांबली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, दोरीवर कपडे वाळत होते आणि एक स्कूटर उभी होती. मामी तिकडे बोट करून काही सांगत होत्या. मग पुढे, पुन्हा थांबलो. आमच्या बिल्डिंगवरूनही गेलो, आणि जोशीबाईंनी खिडकीतून मला हौद्यात बसलेली पाहिलं. इंजिनाच्या आवाजात आतलं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. एवढं दिसत होतं की सगळा वेळ मामीच बोलत होत्या, आणि मामा मान हलवत होते.

शोरूमला पोचायला आम्हाला चांगलाच उशीर झाला. आवारात नवी गाडी हार घालून तयार होती. विक्रेता कागद घेऊन लगबगीनं बाहेर आला. मामा उतरले, गाडीला वळसा घालून क्लीनर साइडला गेले आणि दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. दार त्यांनी उघडलं नाही. आत मामी दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या काचेतून बघत होत्या.

विक्रेता म्हणाला, काका, चावी द्या, आटपून टाकू.

मामा त्याला हळूच म्हणाले, "जरा थांब. ती बसलीय."